‘बॅटरीची वायर काढा, गाडी सुधारेल’ : एक प्रतिवाद

इंदूरच्या रामबाग आणि लोकमान्य नगर भागांतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक संदेश फिरत आहे. गॅरेजमधून आणलेल्या गाडीचे दिवे, सेल्फ किंवा चार्जिंग बिघडले, तर मेकॅनिककडे परत जाण्याची गरज नाही, असे तो सांगतो आणि चार उपाय देतो. बॅटरीची वायर पंधरा मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे गाडीचा संगणक पूर्ववत होतो; फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा घालावा; इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढावी, इंजिन बंद पडले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) गेला असे समजावे; आणि मेकॅनिकने बॅटरी उलटी जोडली असेल तर संगणक जळाला हे गृहीत धरून नवा बसवावा. काल धडधाकट असलेली गाडी दुरुस्तीनंतर बिघडते, तेव्हा दोष बहुधा जिथे हात लागला तिथेच असतो. संदेशातले चारही उपाय आपल्याला त्या जागेपासून दूर नेतात.

पहिला उपाय वरवर निरुपद्रवी वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. वायर काढल्याने एखादे अडकलेले नियंत्रण कधी कधी मोकळे होते, हे खरे. परंतु त्याच वेळी पुष्कळ गाड्यांच्या संगणकातील दोषांची नोंद, तो दोष कोणत्या वेगाला आणि किती तापमानाला उद्भवला या तपशिलासह, पुसली जाते. स्कॅनर (ही नोंद वाचणारे यंत्र) लावणाऱ्याला जे वाचायचे होते तेच आपण खोडून ठेवतो. आणि सैल राहिलेला बोल्ट पंधरा मिनिटांत आपोआप आवळला जात नाही, तो नाहीच.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीची क्लच प्लेट बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून सेल्फ कण्हल्यासारखा फिरू लागला. सेल्फ मारताना डॅशबोर्डचे दिवे मंदावत आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागे. गॅरेजवाल्याने बॅटरी बदला म्हणून सांगितले. बॅटरीवर मात्र १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले २.९. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना सोडलेल्या अर्थ पट्टीचा (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या पट्टीचा) बोल्ट नुसता हाताने फिरवून ठेवलेला होता. सेल्फ सुमारे १५० अँपिअर ओढत असेल, तर ०.०२ ओहमचा अडथळासुद्धा ३ व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या ओहमच्या मापनात एवढा अडथळा दिसतच नाही, कारण मीटरच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. सरळ वाट बंद झालेला प्रवाह केबलमधून वाट काढत होता, म्हणून ती तापत होती. बारा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा, एवढ्यात काम झाले.

दुसरा उपाय धोकादायक आहे आणि त्याबद्दल सौम्य बोलण्याचे कारण नाही. फ्यूज दिव्याचे किंवा पंख्याचे रक्षण करत नाही, तो वायरीचे रक्षण करतो. लाल १० अँपिअरच्या जागी हिरवा ३० अँपिअरचा घातला, तर प्रवाह तिपटीपर्यंत जाऊ शकतो आणि वायरीतील उष्णता नऊ पटींपर्यंत. फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डमागची वायरिंग जळते. दुरुस्तीनंतर फ्यूज उडू लागला, तर एखादी वायर ब्रॅकेटखाली किंवा स्क्रूखाली चेपली गेली असण्याची शक्यता मोठी असते. ती शोधायला जुन्या वायरमन लोकांची युक्ती आजही उत्तम आहे : फ्यूज काढून त्याच्या खाचेच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहिल्यामुळे काही जळत नाही. मग वायरिंग जागोजागी हलवून पाहावे. जिथे हलवताच बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथे दोष.

तिसऱ्या उपायातली चाचणी गाड्यांत संगणक नव्हते त्या काळातली आहे. बॅटरी अल्टरनेटरचे झटके सोसून घेते. चार्जिंग जोरात चालू असताना तिला अचानक तोडले, की व्होल्टेज क्षणभर उसळते आणि संगणकाला धोका पोहोचतो. झटका आवरणारे डायोड अल्टरनेटरमध्ये नसतील, तर ते ८० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकते. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवर व्होल्टेज मोजले, की उत्तर मिळतेच : साधारण १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग ठीक आहे. (काही नव्या गाड्या ते मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून दिवे आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजावे.)

उलट्या जोडलेल्या बॅटरीचा मुद्दा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडतो. बॅटरी उलटी लागली, की अल्टरनेटरच्या, एकाच दिशेने प्रवाह सोडणाऱ्या डायोडमधून प्रवाहाला सरळ वाट मिळते आणि बहुतेक वेळा बॅटरीजवळचा मोठा मुख्य फ्यूज वितळतो. संगणक कधी खरोखर जळतो, पण अनेक संगणकांत उलट्या प्रवाहापासून संरक्षण असते. मुख्य फ्यूज गेला, की कित्येक गाड्यांत स्कॅनरला उत्तर मिळत नाही, आणि ‘संगणक बोलत नाही, म्हणजे मेला’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. आमच्या शेजारच्या काकांना याच निष्कर्षावर नव्या संगणकाचा अंदाजखर्च सांगितला गेला होता. त्यांच्या मुख्य फ्यूजच्या एका बाजूला १२.५ व्होल्ट होते आणि दुसऱ्या बाजूला शून्य. फ्यूज बदलल्यावर स्कॅनर पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. पुढे बदलावा लागला तो अल्टरनेटरचा डायोड-संच.