इस्रायलवाला मेसेज परत आलाय

दुष्काळ पडला की येतो, पूर आला की येतो. इस्रायल वाळवंटात शेती करतो, आपला शेतकरी मात्र हवामान बदललं म्हणून रडतो, बदलायला नको त्याला, ठिबक बसवा, जुनी पिकं लावा. यावेळी फॅमिली ग्रुपवर पुण्याच्या काकांनी टाकलाय. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी इस्रायल. तिथं 1959 च्या कायद्यानं सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं, 1964 ला उत्तरेचं पाणी दक्षिणेत नेणारी लाइन सुरू झाली आणि शहरांचं 80 टक्क्यांहून जास्त सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. अख्खं सरकार मागे उभं आहे हो. आपल्याकडं तेच दोन एकरवाल्यानं एकट्यानं करायचं?

ठिबक. मराठवाड्यात ठिबक माहीत नसलेला शेतकरी दाखवाच मला. पण बोअर आटल्यावर नळीतून काय हवा सोडायची? अनुदान आहे, पण आधी खिशातून घालायचे, मग खात्यावर येतील तेव्हा येतील. आणि खरी गोम वेगळीच आहे, वाळवंटात पाऊस नाही हे निदान ठरलेलं असतं, इथं काहीच ठरलेलं नाही. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा, उभं सोयाबीन करपलं, आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, कुठं कुठं तर मातीच खरडून गेली. त्याला कुठलं ठिबक पुरणार?

बदलत नाही म्हणे. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा सरीवर पेरणारे कशासाठी पेरतात? पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, दोन्हीचा इलाज एकाच पेरणीत. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, एक गेलं तर दुसरं हाताला लागावं म्हणून. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात तर दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवतात, ऊस-केळी बंदच. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाणं जपलं, 2020 ला पद्मश्री मिळाली.

राहिली जुनी पिकं. ज्वारी सगळ्यांना हवीये, भाकरीपुरती. उपटायला माणूस मिळत नाही म्हणून ती कमी झाली, सोयाबीन शंभरेक दिवसात मोकळं होतं आणि मशीननं निघतं. काका, फेब्रुवारीत काढणी असते, येताय का?