एकादशी, रूझवेल्ट ॲव्हेन्यू

त्या काकांना मी ओळखत नाही आणि ओळख वाढवायची मला अजिबात इच्छा नाही. आईला आहे. ती परवापासून त्यांचा उल्लेख ‘भाऊ’ असा करते.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं पेरुव्हियन हॉटेल, डोक्यावरच्या पुलावरून धडधडत जाणारी सात नंबरची मेट्रो गाडी, आणि सांगलीहून आलेली आई, जिची नेमकी एकादशी. मी गेले होते सेविचे खायला. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, वर लाल कांदा, शेजारी रताळ्याची फोड. पण उपवासाच्या माणसासमोर कच्चा मासा कसा खाणार? म्हणून मी मुकाट्याने शाकाहारी झाले. तेवढ्यात भाजलेल्या खारट मक्याची वाटी आली. ती फुकट असते, त्यामुळे माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

“मराठी का?”

शेजारचं टेबल. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत दोन टेबलांमध्ये अंतर असं नसतंच, बिलं तेवढी वेगळी. ऐन उकाड्यात लोकरीची कानटोपी घातलेले एक काका. आठ दिवसांची माचूपिचू टूर करून आलेले. समोर परातभर सेविचे.

“ताई, तुम्ही नुसत्या पाण्यावर का?”

“एकादशी आहे हो.”

काकांनी खुर्चीच आमच्याकडे वळवली. “अहो, मग योग्य जागी आलात! आपली एकादशी यांच्याच जिवावर चालते. बटाटा कुठला? अँडीजचा! चार हजारांवर जाती आहेत. रताळं? तिकडचंच. शेंगदाणा? दक्षिण अमेरिका. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा? तोही. मिरचीसुद्धा!” प्रत्येक पदार्थागणिक आमच्या वाटीतला एकेक मूठ मका जात होता. मध्येच वरून गाडी गेली. काकांचं तोंड चालूच. आवाज ओसरला तेव्हा ते राजगिऱ्यावर पोचले होते आणि वाटी तळाला.

संताप याचा, की हे सगळं खरं आहे. पोर्तुगीज येण्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. ज्ञानेश्वर-नामदेवांनी साबुदाण्याची खिचडी डोळ्यांनी पाहिली नसणार. मग एकादशीला लोक खायचे तरी काय? वरी? फळं? की खरोखरच उपाशी राहायचे? हे मी आईला पूर्वी विचारलं होतं, तेव्हा “फार शिकलीस” एवढंच उत्तर मिळालं होतं. परवा तेच कानटोपीतून आलं, तर ही हनुवटीला हात लावून ऐकतेय!

मग काकांनी आमची ऑर्डरही दिली. पापा आ ला उआंकाइना. म्हणजे उकडून गार केलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर पिवळा सॉस. सोळा डॉलर. “चीज, दूध, पिवळी मिरची. शंभर टक्के उपवासाचं!” बशी आली. बटाट्यावर उकडलेलं अर्धं अंडं. काकांनी स्वतःच्या काट्याने ते उचललं, गिळलं, आणि म्हणाले, “झालं.”

मी वेट्रेसला विचारलं, सॉसमध्ये आणखी काय असतं? ती म्हणाली, घट्टपणासाठी खारी बिस्किटं वाटून घालतात. आईचा चमचा अधांतरी थांबला. मला वाटलं, आता सुटलो.

“ताई, प्रवासात चालतं.”

“हो, प्रवासात चालतं,” आई म्हणाली, आणि तिने सॉस पुसूनपुसून खाल्ला.

कधीपासून? आषाढीला मी अर्धं ग्लुकोजचं बिस्किट खाल्लं म्हणून याच बाईने दिवेलागणीपर्यंत अबोला धरला होता. मी दुसरीत होते. आणि प्रवास कसला? ती दोन महिने माझ्याकडे राहतेय, माझ्या फ्रीजमधलं दही रोज विरजून ठेवते आहे. प्रवासात मी आहे, सेविचे डोळ्यांसमोर ठेवून उपाशी. ते काका बोलता बोलता नाकासमोर मासा हाणत होते, त्याचं हिला काही नाही. माझ्या ताटात तो चालला असता का, हे आता विचारण्यात अर्थ नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि ते ऐकलं तर मी रडेन.

काका आईचा नंबर घेऊन गेले. जाताना वेट्रेसशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलले, तर ती खळखळून हसली. आमच्याकडे तिने फक्त पाण्याचा जग सरकवला होता.

बिल आलं. त्यात एक चिचा मोरादा, म्हणजे जांभळ्या मक्याचं सरबत. आम्ही मागवलेलं नव्हतं. ज्यांनी मागवलं त्यांची खुर्ची तेव्हा आमच्या टेबलाला होती.

“राहू दे गं,” आई म्हणाली, “सहा डॉलरसाठी भावाशी काय बोलायचं!”

सहा नाही. वर टॅक्स. त्यावर टिप. आणि मक्याची दुसरी वाटी मागितली, तर म्हणे संपला.