बाबांच्या टीव्हीचा आवाज

आत्ता अर्ध्या तासापूर्वी आमच्या टीव्हीवर आठ चौकटींतून आठ तज्ज्ञ पाकिस्तानवरून एकदम ओरडत होते. आवाज पन्नासवर, कारण बाबांना कमी ऐकू येतं. ११ जुलै २००६ ला माहीमजवळ लोकलमध्ये त्यांच्या डब्याला लागूनच असलेला फर्स्ट क्लास बॉम्बने फुटला, तेव्हापासून डावा कान गेलाय. सेकंडचा पास होता म्हणून वाचले. चालत गोरेगावला पोचेपर्यंत साडेबारा वाजले होते. शर्टावर कुणाचं तरी रक्त, आणि दारात पहिलं वाक्य, "जरा मोठ्याने बोल गं."

तर, एक निवृत्त साहेब दोन दिवसांत पाकिस्तानचा निकाल लावणार होते. दुसऱ्यांना सिंधूचं पाणी आज रात्रीच तोडायचं होतं, जणू मोरीला बोळा घालायचाय. अहो, पहलगामच्या हल्ल्यानंतर १९६० चा सिंधू करार स्थगित केला, बरं केलं. पण पाणी अडवायला धरणं लागतात आणि धरणांना वर्षं लागतात, हे आठांतल्या एकालाही सांगवू नये?

जैशच्या मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत जायला २००९ पासून २०१९ उजाडलं. चीन आडवा पडायचा, आपले लोक पुन्हा कागद घेऊन उभे. पाकिस्तान २०१८ ते २०२२ एफएटीएफच्या, म्हणजे दहशतवाद्यांच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ग्रे लिस्टमध्ये होता आणि त्याच काळात, २०२० मध्ये, लाहोरच्या कोर्टाने लष्कर-ए-तोयबाच्या हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा सुनावली. पैशाची नाडी आवळली की असं होतं. फायलींचं, रटाळ काम. त्यावर कोण बोंबलणार?

बरं, बालाकोटच्या हवाई हल्ल्याने आणि ऑपरेशन सिंदूरने काहीच झालं नाही असं नाही. धाक लागतो. झालं, मान्य.

पण माझा राग वेगळाच आहे बहुतेक. २०१५ मध्ये बाबांच्या त्या लोकल स्फोटांच्या खटल्यात १२ जण दोषी ठरले. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेले बाहेरच. त्या दिवशी बाबांनी पेपर दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग ठेवला कोणी?"

आठ तज्ज्ञ आणा. ओरडून सांगा, कारण उजव्या कानाकडून बोललं तरच कळतं.

आज मी न राहवून आवाज बंद केला. बाबा तसेच बघत बसले होते, खालची पट्टी वाचत. पाच मिनिटांनी म्हणाले, "काही नवीन सांगतायत का गं?"