त्यानाच मझार

चहा अर्धा पिऊन झाला होता, त्यामुळे परत करायची सोय नव्हती. अमळनेरच्या बसस्टँडबाहेर, मे महिन्यात, भर दुपारी. फोन काढून क्यूआरसमोर धरला, तर त्याने पैसे देण्याऐवजी थर्मामीटरचं चित्र दाखवलं, 'फोन थंड होऊ द्या' असा हुकूम सोडला आणि डोळे मिटले. रक्कम रुपये 10. पाकीट बाळगणं केव्हाच सोडलेलं.

"होतं साहेब, होतं," चहावाला म्हणाला. एवढ्या मोठ्याने, की रसवंतीवरच्या लोकांनीही माना वळवल्या.

बाकावर एक आप्पा बसले होते. धोतर, टोपी, बंडीच्या खिशात रबर लावलेला बटणांचा फोन. त्यांनी आधी माझ्याकडे, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि चौकशी समिती बसवली.

"कितला वाजनात?"

मी सवयीने फोनकडे पाहिलं. काळी काच.

"घड्याय नै का?"

"फोनमध्ये आहे, आप्पा."

"बॅटरी?" खानदेशात बॅटरी म्हणजे टॉर्च.

"त्यातच."

"पैसा?"

"त्यातच."

"बसनं तिकीट?"

मी मान हलवली. "घरना नंबर तरी पाठ शे का?" आप्पांनी विचारलं. पाठ होता, पण लँडलाइनचा, सहा आकडी. ती लाइन कधीच कापली गेली.

आप्पांनी तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली. "मंग भाऊ, तू बी त्यानाच मझार शे!" अहिराणीत मझार म्हणजे आत. म्हणजे मीही त्या फोनमध्येच.

बाक हसला, रसवंती हसली. चहावाल्याने तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच संवाद पहिल्यापासून ऐकवला. दहाची नोट आप्पांनी दिली.

आता मुद्द्याचं. फोन नाजूक आहे म्हणून रुसला नव्हता, त्याला कारण होतं. काही नामांकित कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात की फोन भोवतालच्या 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा. म्हणजे मार्चपासून पावसाळ्यापर्यंत खानदेशात दुपारी फोन वापरणं नियमबाह्यच. त्यात उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला, बस कुठवर आली ते बघायला जीपीएस चालू, रेंज अर्धी, त्यामुळे टॉवर शोधायला जास्त ताकद खर्च होतेय. वरून जाड रबरी कव्हर, म्हणजे तापात घोंगडी. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर गेली की चार्जिंग घेणंही थांबवते. ते बरोबरच आहे, कारण उष्णता आणि शंभर टक्के चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती सर्वात लवकर म्हातारी होते.

उपाय साधा आहे. कव्हर काढा, सावलीत ठेवा, चार्जर लावू नका आणि पंधरा मिनिटं त्याला विसरा. शेवटची पायरीच जमत नाही.

पण हे सांगायला वेळ कुठे मिळाला? तोवर रसवंतीवाल्याने फोन माझ्या हातातून घेऊन बर्फाच्या लादीवर ठेवलासुद्धा. मी ओरडलो. तापलेला फोन एकदम गार केला की त्याच्या आतल्या हवेतलं बाष्प दवासारखं सर्किटवर जमू शकतं. 'पाण्यात पडला तरी चालतो' हा शिक्का बाहेरून येणाऱ्या पाण्यासाठी असतो, आत तयार झालेल्या पाण्यावर त्याचा काही उपयोग नाही. "साहेब, बाटल्याबी इथंच ठेवतो," रसवंतीवाला दुखावल्या सुरात म्हणाला. तडजोड म्हणून फोन माठाच्या झाकणावर गेला.

खरं तर अमळनेरला तरी एकात अनेक या प्रकाराचं कौतुक वाटू नये. 1945 साली याच गावात वनस्पती तूप करणारी एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो होऊन संगणकाच्या धंद्यात गेली. तुपाचा डबा जर संगणक होऊ शकतो, तर फोनने घड्याळ गिळलं यात नवल ते काय?

गिळलंही बेताबेतानेच. 1983 च्या मोटोरोलाच्या फोनचं वजन जवळजवळ 800 ग्रॅम, चार्जिंग 10 तास आणि बोलणं अर्धा तास. त्यात बोलण्याशिवाय फारसं काहीच नव्हतं. 1997 मध्ये नोकियाच्या फोनात खेळातला साप वळवळला. 2000 साली जपानमध्ये शार्पने फोनला कॅमेरा लावला, जेमतेम 1 लाख 10 हजार पिक्सेलचा. 2003 मध्ये नोकिया 1100 टॉर्च घेऊन आला आणि जगात 25 कोटींच्या आसपास खपला. कंपनीने आधी माणसाला काय लागतं ते विचारलं, असा तो शेवटचा फोन असावा. हे माझं मत, पुरावा मागू नका. मग 2007 चा आयफोन, 2016 चं यूपीआय, आणि आपण पाकीट कपाटात ठेवलं.

प्रत्येक वेळी काहीतरी आलं, तसं काहीतरी गेलंही. मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलायची सोय गेली. आता पाठ गोंदाने चिकटवलेली. ती गरम करून, पातळ पत्ती फिरवून उघडावी लागते, आणि हात हलला की स्क्रीनचं बिल वेगळं. इअरफोनचं भोक गेलं आणि त्याबरोबर एफएमही गेला, कारण इअरफोनची वायर हाच त्या रेडिओचा अँटेना. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर. तिला पकडायला तिच्या चौथाईएवढी, म्हणजे पाऊण मीटर तार लागते, तेवढी जागा फोनच्या पोटात कुठून येणार? आप्पांच्या फोनात हजारेक एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी, चार दिवस चालते. माझ्यात 5000 ची, ती संध्याकाळ बघत नाही.

येणारे कॉल 2003 मध्ये फुकट झाले आणि मिस्ड कॉल ही राष्ट्रभाषा झाली, हे आठवतं ना? 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी 'किमान रिचार्ज' आणलं. ते संपलं की काही दिवसांनी येणारा फोनही बंद. म्हणजे कुणी आपल्याला हाक मारावी यासाठी आता आपण भाडं भरायचं. यावर मात्र बाकावर कुणी हसलं नाही. आप्पांनीही नाही.

इतक्यात त्यांच्या बंडीतून कर्कश घंटी वाजली. त्यांनी उचलला नाही, कापला आणि उठले.

"लाईट उनी."

शेतातल्या मोबाईल स्टार्टरचा कॉल होता. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरशेजारच्या डब्यात सिमकार्ड असतं. थ्री फेज, म्हणजे मोटार चालवणारी वीज, आली की तो डबा मालकाला फोन करतो आणि मालकाने फिरून फोन केला की मोटार चालू. रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात, सापकिरड्यातून विहिरीवर जायची पायपीट वाचते. आप्पांनी बसस्टँडवर उभ्या उभ्या एक नंबर दाबला, कानाला लावला, मान डोलावली. कुठल्याशा शिवारात केळीला पाणी सुटलं. माझ्या फोनात साठ ॲप आहेत. त्यातल्या एकानेही कधी ओंजळभर पाणी काढलेलं नाही.

"आप्पा, तुमचे दहा रुपये..."

"राहू दे भाऊ. तुन्हा फोन थंडा व्हवू दे पहिले," असं म्हणून ते धुळ्याच्या बसकडे गेले.

फोन उठला. बॅटरी 61 टक्के, हवामान 44 अंश, 'उष्णतेपासून सावध राहा'. मी घाईघाईने अंगठा ठेवला. माठाच्या झाकणावरचं पाणी बोटाला लागलेलं होतं.

'बोट ओळखता आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

चहावाला मान लांब करून वाचत होता.