‘पुण्यात आता दोनच जाती’ म्हणे!

‘पुण्यात आता जात कोण विचारतं? उरल्या दोनच जाती, गरीब आणि श्रीमंत. गरिबी सगळ्यांची सारखीच. जात, वर्ग, बाई-पुरुष हे एकत्र कालवायचं खूळ अमेरिकेतून आलंय. सवलती द्यायच्याच तर फक्त उत्पन्न बघून द्या.’ सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय, खाली जोडलेल्या हातांची रांग. एकेक मुद्दा घेऊ.

जात कोण विचारतं? घरमालक विचारतो. तोंडावर नाही, पुण्यात तोंडावर कोण काय विचारतं म्हणा! एजंट फोनवर भाडं ठरवतो, डिपॉझिट ठरवतो, रविवारी फ्लॅट दाखवतो म्हणतो आणि जाता जाता विचारतो, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ आडनाव कळलं की मालकांचा भाचा अचानक तिथे राहायला येणार असतो. समोरच्याचा आयटीतला पगार तेव्हा कामाला येत नाही. मजकुराच्या हिशेबाने हा माणूस ‘श्रीमंत’ जातीतला. घर मात्र मिळत नाही. लग्नांचं तर बोलायलाच नको. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली, देशभरात.

गरिबी सगळ्यांची सारखीच? सकाळी ढकलगाडी घेऊन दारात येणाऱ्या ताईंकडे जरा बघा. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य बाया, आणि त्यांतही बहुतेक दलित. शहरात गरीब काय एवढ्याच आहेत? गावाकडून आलेला गरीब मराठा किंवा ब्राह्मण पोरगा वॉचमन होतो, डिलिव्हरीला लागतो; त्याची बायको चार घरच्या पोळ्या धरते. हाल त्यांचेही आहेत, नाकारत नाही. पण लोकांचं खरकटं हाताने निवडायचं काम त्यांच्या वाट्याला क्वचितच येतं. बरं, भंगाराच्या धंद्यातही उतरंड आहेच: घरोघर रद्दी विकत घेत फिरणारे बहुतेक पुरुष, दुकानाच्या गल्ल्यावर पुरुष, आणि कचऱ्यात हात घालायला बाया. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढं लोकांना सांगायला या बायांना इथे मोहीम चालवावी लागली. उघडा पॅड हाताला लागतो तो त्या गरीब म्हणून, बाई म्हणून, की दलित म्हणून? वेगवेगळं करून दाखवा बघू. आपल्याला तर ओला-सुकाही धड वेगळा करता येत नाही.

खूळ अमेरिकेचं? तिथला मुद्दा वंशाचा, आपला जातीचा. दोन्ही एक नव्हेत. गोची मात्र ओळखीची आहे. जनरल मोटर्स या तिथल्या मोटार कंपनीवर काही काळ्या स्त्रियांनी भेदभावाचा दावा लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने काय धरलं, तर कंपनी बायांना नोकरी देते (त्या गोऱ्या, ऑफिसात) आणि काळ्यांनाही देते (ते पुरुष, कारखान्यात), मग तक्रार कसली? काळी बाई मधल्या मध्ये गायब. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालावर बोट ठेवलं, वंश आणि बाईपण एकत्र बघा म्हणाल्या. पण त्या जन्मायच्या शंभरावर वर्षं आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. मातंग समाजातली ही शाळकरी पोर विचारते, की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होत असतील? जात, दारिद्र्य आणि बाईपण, तिन्ही एका बाळंतिणीच्या अंगावर. हे पुण्यात लिहिलं गेलंय. आयात कुठून करायची?

राहता राहिली ‘फक्त उत्पन्न बघा’ ही मागणी. २०१९ च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण मिळालं, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवलं. विरोधात गेलेल्या दोघा न्यायमूर्तींचा मुख्य आक्षेप या वगळण्यावरच होता. ‘त्यांना त्यांचं वेगळं आहे ना!’ हे उत्तर तयार असतंच. असेल, पण मग इथेही दाखल्यावर आधी जातच बघितली की! उत्पन्नाचा नंबर त्यानंतर लागला.