एकदा नजर फिरवून या

मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला परत बसणाऱ्यांच्या, म्हणजे रिपीटर बॅचची फी भरली की पावतीबरोबर एक सूचना फुकट मिळते. 'बॅच सुरू होईपर्यंत अकरावीवर एकदा नजर फिरवून या.' कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासच्या ऑफिसात सरांनी हे इतक्या सहजपणे सांगितलं की मीही मान डोलावली आणि बाहेर पडलो. जिना उतरताना मात्र प्रश्न पडला: पोरीला अकरावी येत असती, तर मी आत्ता वर जाऊन एवढी फी कशाची भरून आलो?

घरी हे बोललो तर बायकोला त्यात काहीच वावगं वाटेना. ती भांडीवाल्या मावशी यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्यांतली. खरकटी भांडी मावशींपुढं टाकायची नाहीत आणि कोरं डोकं सरांपुढं न्यायचं नाही, असा तिचा सरळ हिशेब.

तर नजर फिरायला लागली. एनसीईआरटीच्या फिजिक्सचे दोन भाग, केमिस्ट्रीचे दोन, बायोलॉजीचं एक जाडजूड पुस्तक, शिवाय 'असू देत जवळ' म्हणून राज्य मंडळाची पुस्तकं. जेवणाचं टेबल त्याखाली गेलं आणि आम्ही जमिनीवर जेवायला लागलो. आजीला तेवढंच बरं वाटलं. "पण वाचल्यालंच परत कशाला वाचतीस गं?" हा तिचा प्रश्न रोज एकदा यायचाच.

नजर फिरवण्यात एक गोम असते. पुस्तक उघडं असलं की सगळं येतं. पान बघितलं की "हे येतंय मला", पुढचं पान, "हे तर झालंय". पुस्तक मिटलं की त्या पानावर काहीतरी आकृती होती आणि ती डावीकडं होती, एवढंच आठवतं. हे पोरीच्याही ध्यानात आलं आणि तिनं फर्मान काढलं, "पप्पा, तुम्ही पुस्तक धरा. मी न बघता सांगतो, तुम्ही तपासा."

मी पतसंस्थेत कॅशियर. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध नाही. ती सांगायची, मी पुस्तकात बोट ठेवून शब्द न् शब्द जुळवायचो.

"चूक."

"अर्थ तोच आहे की, पप्पा!"

"तसं छापलेलं नाही."

आमच्याकडं सही जुळली नाही तर चेक परत जातो, तिथं अर्थ कोण बघतंय? तिनं सरांकडं तक्रार केली, तर सर म्हणाले, वडील बरोबर आहेत, बायोलॉजीत ओळ न् ओळ पाठ पाहिजे. १८० प्रश्नांतले ९० बायोलॉजीचे, म्हणजे ७२० पैकी ३६० मार्क तिथंच. त्यातही बरोबर आलं तर चार मिळणार आणि चुकलं तर एक जाणार. त्या दिवसापासून घरात माझी पत वाढली.

फिजिक्स धरायला कुणीच तयार नव्हतं. ते तिनं वरच्या खोलीत एकटीनं केलं. खाली फक्त पेन आपटल्याचा आवाज यायचा.

बायोलॉजी मात्र घरभर पसरलं. रविवारी मिसळ केली, तर पोरगी रश्श्यात चमचा फिरवत म्हणाली, "मिरची, टोमॅटो, बटाटा, सगळी एकाच कुळातली. सोलॅनेसी." आजी म्हणाली, "एका कुळातली? बरं झालं, रस्साच करायचा हुता, लगीन न्हवं." मटकी वेगळ्या कुळातली निघाली, तेव्हा कुठं आजीनं घास घेतला.

मग मामाच्या शेतावर गेलो. भोगावतीकाठचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला. पोरीला फोटोसिंथेसिस आठवलं. म्हणाली, "मामा, तुमचा ऊस सी-फोर आहे."

मामा गरकन वळला. "कोण म्हणालं? ८६०३२ जातीचा हाय. बेणं मी स्वतः आणलंय."

"तसं नाही मामा, ती जात नव्हे, अन्न तयार करायची पद्धत. सगळाच ऊस सी-फोर असतो." मग तिनं बांधावर उभं राहून हॅच आणि स्लॅक हे शास्त्रज्ञ सांगितले, पानातल्या पेशींची गोल रचना सांगितली, कडक उन्हातसुद्धा हे पीक मिळवलेला कार्बन वाया कसा घालवत नाही तेही सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. पुस्तक माझ्या काखेतच होतं, मी तपासलं. मामानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सरकारी दरावर, एफआरपीवर शंभर रुपये जादा मिळत्यात काय त्याला?"

हे काही सिलॅबसमध्ये नव्हतं.

गल्लीतही चौकशी चालू होतीच. कोण विचारी, "यंदा लागंल न्हवं?" कोण परीक्षेचे नियम ऐकून गार व्हायचं: पूर्ण बाह्यांचे कपडे नकोत, बूट नकोत, साधी चप्पल घालून या. देशातल्या एवढ्या मोठ्या परीक्षेची ही एक तयारी तरी कोल्हापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या आधीच करून ठेवलीय.

असं करत अकरावी कशीबशी संपत आली आणि पाऊस लागला. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे मात्र आमच्या घरात आजीपासून सगळ्यांना न वाचता पाठ. पाणी इशाऱ्याला टेकलं आणि क्लासच्या ग्रुपवर निरोप आला: बॅच पुढं ढकलली आहे, मिळालेल्या वेळेत विद्यार्थ्यांनी बारावीही उरकून घ्यावी.

पोरीनं मोबाइल पालथा ठेवला आणि न बोलता बारावीचं बायोलॉजी माझ्या हातात दिलं. पहिला धडा फुलांचा. परागकण, बीजांड, सगळं मी खणखणीत आवाजात विचारलं, दोन ठिकाणी "चूक" म्हणालो. पान उलटलं. दुसरा धडा ह्यूमन रिप्रॉडक्शन.

समोर आजी जपमाळ ओढत बसलेली. "विचारा की, पप्पा."

मी चष्मा काढून पुसला, परत घातला, पुस्तक अलगद टेबलावर ठेवलं आणि छत्री घेतली. "गंगावेशीत जाऊन येतो. कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध मिळतंय."

"अहो, एवढ्या पावसात?" आतून बायको ओरडली. "फ्रिजमध्ये दोन लिटर पडलंय की!"