"फसवलं" लिहिलंत म्हणून क्लच स्प्रिंगचं सविस्तर सांगतो

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी मिळायला उशीर झाला, तुमची रविवारची राइड हुकली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "हेवी स्प्रिंगा आणून दिल्या, यांनी जुन्याच बसवल्या आणि बिल पूर्ण लावलं, फसवलं" हे वाचून मला जेवण गेलं नाही. या गॅरेजवर माझं घर चालतं आणि नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचणार.

तुमच्या एक्सपल्स बाइकचा क्लच चढावर स्लिप मारत होता, म्हणजे इंजिनाचा आरपीएम वर जातोय पण गाडी उठत नाही. तुम्ही म्हणालात बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलाय, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ वाढली, क्लचच्या प्लेटा दाबून धरायला स्टॉक म्हणजे कंपनीची स्प्रिंग पुरत नाही. मी क्लच कव्हर खोललं तर आत कारचं ऑइल, घरी उरलेलं टाकलं हे तुम्हीच सांगितलंत. अहो, बाइकचा हा क्लच ऑइलमध्येच फिरतो, त्याला डब्यावर जासो एमए२ (अशा ओल्या क्लचसाठीचा ग्रेड) लिहिलेलं ऑइल लागतं, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं केमिकल असतं, मग प्लेटा पकडणार कशा? वर चिखलात हाफ क्लचवर ओढलेली गाडी, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या, काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर वाकड्या. जुन्या स्प्रिंगांची लांबी मात्र व्हर्निअरने तुमच्यासमोर मोजली, मॅन्युअलच्या लिमिटमध्ये होती.

तरी तुमच्या शब्दाखातर तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या स्प्रिंगा बसवून बघितल्याच. त्यांची तार जाड, लिव्हर दाबली की वेटोळ्याला वेटोळं टेकायचं आणि प्रेशर प्लेट (बाकी प्लेटा दाबून धरणारी) पुरती उचलायचीच नाही. लिव्हर पार ग्रिपला टेकवली तरी पहिल्या गिअरला गाडी पुढं सरकत होती, न्यूट्रल लागत नव्हतं, आणि दाबायला एवढी कडक की अख्खा पंजा लावायला लागायचा. ताम्हिणी घाटात ओल्या दगडांवर अशा क्लचनं काय केलं असतं तुम्ही? केबल आणि रिलीज बेअरिंगवर लोड येतो तो वेगळाच. म्हणून त्या काढून तुमच्या जुन्याच स्प्रिंगा परत बसवल्या.

बोअर वाढवलेल्या गाडीला थोडी कडक स्प्रिंग लागू शकते, मी नाही म्हणत नाही. पण आधी चांगल्या प्लेटा, बरोबर ऑइल, लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ एमएम फ्री प्ले (क्लच सुटायला लागायच्या आधीची मोकळी चाल), एवढं करून चालवून बघायचं आणि तरी स्लिप झाला तर एक पायरी वरची स्प्रिंग टाकायची, तीही लिव्हर दाबल्यावर प्लेट पूर्ण सुटते का बघूनच. एकदम सगळ्यात कडक टाकून जळक्या प्लेटा दाबून ठेवायच्या, गाडी चार दिवस बरी वाटणार आणि मग रस्त्यात उभी राहणार, असलं काम माझ्या हातून होणार नाही.

बिल परत एकदा बघा, प्लेटा, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी, स्प्रिंगचा एक रुपया लावलेला नाही. उलट तुमच्या स्प्रिंगा घालून परत काढायची मजुरी मी धरलीच नाही. उशीर झाला तो प्लेटा यायला, आणि आल्यावर त्या ऑइलमध्ये भिजत ठेवायला लागतात, कोरड्या टाकून गाडी हातात दिली असती तर जळायची भीती होती.

यापुढे आत काय निघालं त्याचे फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवायचं बघतोय, पोरांनाही तसं सांगितलंय. तुमच्या स्प्रिंगा बॉक्ससकट इथंच आहेत, कधीही घेऊन जा. स्टार वाढवू नका हवं तर, पण क्लच आता स्लिप होतोय का नाही तेवढं खरं लिहा आणि तो "फसवलं" शब्द काढा, एवढीच विनंती आहे दादा.